बाजारात पक्का, वर्गात कच्चा. आणि त्याच्या उलटही

कोलकात्याच्या बाजारात एक गिऱ्हाईक भाजीपाशी थांबतं. बटाटे २० रुपये किलो, त्यातले ८०० ग्रॅम. कांदे १५ रुपये किलो, त्यातले १ किलो ४०० ग्रॅम. हातात २०० रुपयांची नोट. समोर बसलेलं शाळकरी वयाचं पोर वजन करतं, पिशवी भरतं आणि १६३ रुपये परत देतं.

गिऱ्हाईक खरं नव्हतं. संशोधकांच्या पथकातला माणूस साधा ग्राहक बनून आला होता आणि त्यानं मापं मुद्दाम अडनिडी मागितली होती. पाव, अर्धा, दीड किलोचे भाव कुठल्याही विक्रेत्याला पाठ असतात. ८०० आणि १४०० ग्रॅमचे नसतात. त्यात दोन जिनसांची बेरीज आणि मोठी नोट मोडून सुट्टे परत देणं. म्हणजे एका सौद्यात दोन गुणाकार, एक बेरीज आणि एक वजाबाकी, तीही मागं रांग लागलेली असताना. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत अशा सौद्यांची वेगवेगळ्या फेऱ्यांत नोंद झाली. दुसऱ्या प्रयत्नापर्यंत बरोबर हिशेब करणाऱ्या मुलांचं प्रमाण ९५ ते ९८ टक्के निघालं.

मग कोलकात्याच्या मुलांना, पालकांची परवानगी घेऊन, जरा बाजूला बसवलं आणि समोर शाळेची गणितं ठेवली. दोन अंकी संख्येतून दोन अंकी संख्या वजा करायची, अशी दोन उदाहरणं. आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं. ग्रामीण मुलांना वाचन-गणित किती येतं ते घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाला गेलेल्या कुणालाही हे कागद ओळखीचे वाटतील. दोन्ही वजाबाक्या बरोबर आल्या ५४ टक्के मुलांच्या. भागाकार जमला ३२ टक्क्यांना.

हा अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. लेखकांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे २०१९ चे अर्थशास्त्रातले नोबेल मानकरी आहेत, लहान मुलांच्या संख्याबोधावर आयुष्यभर काम केलेल्या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की आहेत, शिवाय राघवेंद्र चट्टोपाध्याय, स्वाती भट्टाचार्जी, अलेहांद्रो गानिमियन आणि कैलाश राजा. बाजारात काम करणारी १,४३६ मुलं आणि बाजाराशी संबंध नसलेली, जवळपासच्या शाळांतली ४७१ मुलं, एवढा त्याचा पसारा. बॅनर्जी आणि डुफ्लो यांचं मुलांच्या शिक्षणावरचं काम आपल्याला परकं नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या मुंबई आणि वडोदऱ्यातल्या बालसखी कार्यक्रमाचा त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मागं पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना वस्तीतलीच एखादी ताई रोज दोन तास वेगळं शिकवते, त्यानं काय फरक पडतो, हे त्यांनी तिथं मोजलं होतं.

या नव्या अभ्यासाबद्दल शिक्षकांमध्ये जे बोलणं माझ्या कानावर आलं ते बहुतेक पहिल्या अर्ध्या भागाबद्दलच. ‘बघा, बाजारातली पोरं किती हुशार, आणि शाळा त्यांना नापास ठरवते.’ ते खरंच आहे. पण दुसरा अर्धा भाग जास्त झोंबणारा आहे, आणि तो शाळेत नियमित येणाऱ्या, वह्या पूर्ण असणाऱ्या, गणितं बरोबर सोडवणाऱ्या मुलांबद्दल आहे. या टिपणात माझा भर तिकडेच आहे. आधी पहिल्या भागातल्या काही शंका मात्र निपटाव्या लागतील, कारण त्या प्रत्येक शिक्षकाच्या मनात येतात.

‘घाबरत असतील’

पहिली शंका पाठांतराची. रोज तेच भाव, तीच मापं. मुलांना उत्तरंच पाठ झाली असतील. म्हणून तर मापं अडनिडी घेतली होती. शिवाय संशोधकांनी ‘समजा’ घालूनही प्रश्न विचारले: समजा अमुक भावानं अमुक माल विकलास तर किती? त्यातही ही मुलं तरली. इतकंच काय, गणित एखाद्या ओळखीच्या प्रसंगात गुंफून तोंडी सांगितलं तरी त्यांना येत होतं. अडलं ते फक्त उघड्या आकड्यांपाशी, जिथं संख्या कशाची तरी नसते, नुसती संख्या असते.

दुसरी शंका मदतीची. शेजारचा काका, मोठी बहीण सांगत असेल. तेही तपासलं गेलं आणि बाजूला पडलं. तिसरी फायद्या-तोट्याची: बाजारात चुकलं तर खिशाला चाट बसते, परीक्षेतल्या चुकीनं काय बिघडतं? म्हणून पोर बाजारात जीव लावून हिशेब करतं आणि कागदावर काहीतरी खरडतं. बरोबर उत्तराचं मोल वाढवूनही बाजार आणि कागद यांच्यातली दरी या कारणानं उलगडली नाही.

चौथी शंका मला महत्त्वाची वाटते, कारण सध्या शाळांमध्ये तिचंच चलन आहे. मुलांना गणिताची भीती वाटते. भीती घालवा, गणित येईल. मुलांचं स्वास्थ्य, आनंददायी शिक्षण, ताणमुक्त वर्ग यांवर शासकीय प्रशिक्षणांपासून खासगी कार्यशाळांपर्यंत सगळीकडे बोललं जातं, आणि त्यात वावगं काही नाही. भेदरलेलं मूल शिकत नाही हे सांगायला संशोधनही लागत नाही. पण या मुलांच्या बाबतीत ‘ओळखीच्या मांडणीत ताण कमी, म्हणून उत्तर येतं’ हे स्पष्टीकरण टिकलं नाही. म्हणजे मुलाला हसतं-खेळतं ठेवून त्याच्या पुढ्यात भागाकाराचं तेच उभं गणित मांडलं तर ते हसत-हसत अडेल, एवढंच.

उलट दिशेनं मात्र नातं नक्की आहे असं मला वाटतं. हे माझं मत आहे, अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे. सकाळी बापाच्या भाजीच्या पाटीवर दीडदोनशे रुपयांचा व्यवहार बिनचूक करणारं पोर अकरा वाजता वर्गात येतं आणि ‘गणितात कच्चा’ या रांगेत बसतं. त्याच्याकडे जे आहे ते वर्गात कुठंच मोजलं जात नाही, आणि काही वर्षांनी त्याचाही त्यावर विश्वास बसतो. भीती तिथून सुरू होत असेल तर फुगे आणि गाणी लावून ती जायची नाही.

मग वहीवाल्या मुलांचं काय झालं?

दिल्लीतल्या १७ शाळांमधली २०० मुलं. बाजारात काम न करणारी. कागद, पेन्सिल, हवा तेवढा वेळ आणि एकदा चूक सुधारायची मुभा देऊन त्यांना शाळेतली नेहमीची गणितं दिली तेव्हा ९६ टक्के मुलांना ती आली. कुठल्याही मुख्याध्यापकानं फलकावर लिहावा असा निकाल.

मग खोटा-खोटा बाजार मांडला. कागद-पेन्सिल हाताशीच, वेळही हवा तेवढा. फक्त गणित आता खरेदी-विक्रीच्या रूपात आलं. ९६ चे ६० टक्के झाले. आणि खऱ्या बाजारात वही काढून हिशेब करायला कोण थांबतंय? त्यामुळे हे ६० सुद्धा जरा उदारच म्हणायचे.

दिल्लीतच पुढच्या फेरीत दोन्ही प्रकारची मुलं शेजारी-शेजारी तपासली गेली. कागद नाही, वेळ बेताचा, गणित बाजारातल्या सौद्याचं. काम करणाऱ्या मुलांपैकी ८५ टक्क्यांना आलं. त्याच तोडीचं गणित शाळेतल्या मुलांपैकी १० टक्क्यांना. आता कागद-पेन्सिल देऊन भागाकार आणि वजाबाकी दिली, तर शाळेतली मुलं ५९ टक्के, बाजारातली ४५. शेवटी दोघांनाही सारखं पडावं म्हणून एक शाब्दिक उदाहरण: एक मुलगा बाजारात जातो, दोन भाज्या घेतो, वगैरे. कसलीही मदत न घेता ते सोडवणारी काम करणारी मुलं एक तृतीयांशाहून जास्त. शाळेतली सुमारे १ टक्का.

हा १ टक्का मी पुन्हा-पुन्हा वाचला. शंभर मुलांमागं एक. आणि ही नापास मुलं नाहीत, वर ज्यांची गणितं बिनचूक येत होती त्यांच्याच सारखी आहेत. त्यांची वही उघडून पाहिली तर काय दिसलं? साध्या गुणाकारासाठीही लांबलचक, वेळखाऊ मांडणी. एका उदाहरणात दोन क्रिया आल्या, आधी गुणा मग बेरीज करा, की जोडणी तुटते. बॅनर्जींचं म्हणणं थोडक्यात असं की या मुलांनी रीत शिकली, रीतीमागचं कारण शिकलं नाही. संशोधकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, ती शिक्षकांनी विसरू नये: इतक्या सावकाश येणारं उत्तर रोजच्या व्यवहारात तर कामाचं नाहीच, पण पुढच्या इयत्तांच्या गणितातही नाही. सहावी-सातवीत गुणोत्तर, समीकरण आलं की तिथं साधा गुणाकार चुटकीसरशी यावा लागतो. तो यायलाच पाच मिनिटं गेली तर मूळ मुद्दा डोक्यातून निसटतो.

म्हणजे एकाकडे समज आहे, लिपी नाही. दुसऱ्याकडे लिपी आहे, समज नाही. आणि आपली परीक्षा फक्त लिपी तपासते. म्हणून पहिला मुलगा नापास दिसतो आणि दुसऱ्याची अडचण दिसतच नाही. पहिल्याची निदान दखल तरी घेतली जाते, त्याला उपचारात्मक वर्गाला बसवतात. दुसरा प्रगतिपुस्तकावर ‘अ’ घेऊन घरी जातो.

दोन्हीकडे हिशेब चालतो कसा

२०० मधून ३७ गेले. शाळेच्या रीतीनं: शून्यातून ७ जात नाहीत. शेजारी उसना मागावा तर तिथंही शून्य. म्हणून त्याच्या शेजारच्या २ कडे जा, त्याचा १ करा, मधल्या शून्याचे आधी १०, मग ९, शेवटच्या शून्याचे १०. मग १० वजा ७, ९ वजा ३, खाली १. ज्यांनी तिसरी-चौथीला शिकवलं आहे त्यांना ठाऊक असेल की मधलं शून्य आलं की निम्मा वर्ग कोसळतो.

सुट्टे परत देताना वजाबाकी अशी होत नाही. ३७ वर ३ ठेवले, ४० झाले. ६० ठेवले, १०० झाले. वर शंभराची नोट. हातात १६३. इथं उसनं मागायला कुणी शेजारी लागत नाही, कारण क्रिया मोठ्या, गोल आकड्यांकडे चढत जाते आणि प्रत्येक पायरीला संख्या खऱ्या किमतीची राहते. उभ्या मांडणीत २०० मधला २ हा नुसता २ होतो. भाजीच्या पाटीवर तो दोनशे रुपयेच असतो.

संशोधकांनीही हीच खूण पकडली. बाजारातली मुलं दहाच्या पटीचा फायदा उठवतात. ४३ गुणिले ११ असेल तर ४३ ची दहापट ४३०, त्यात एक ४३, झाले ४७३. म्हणूनच दहाच्या जवळपासचे आकडे आले की त्यांना सोपं जातं. शाळेतल्या मुलांना मात्र ११ नं गुणणं आणि १७ नं गुणणं सारखंच. रीत तीच, कष्ट तेच.

आपल्याकडे जुन्या पंतोजींच्या शाळेत याचं एक टोक होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी. म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, मुलांकडून तालावर घोकून घेतलेले. रुपयाचे सोळा आणे, शेर-पायलीची मापं आणि व्याजाचा हिशेब यांच्यासाठी ते बनले होते. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो-ग्रॅम आले आणि पावकी-निमकीची गरज संपली. बरं झालं की वाईट, यावर आजही आजोबा-मंडळी तावातावानं बोलतात. ती पद्धत परत आणावी असं मी म्हणणार नाही, त्यात छडीचा वाटाही बराच होता. पण तिनं एक गोष्ट मानली होती: हिशेब तोंडी असतो, आणि तोंडी हिशेबालाही शिकवणं लागतं. आजची शाळा तोंडी हिशेबाला एकतर पाठांतर समजते नाहीतर स्पर्धेतली करामत. बोटांनी हवेत ॲबॅकसचे मणी सरकवत उत्तरं देणाऱ्या मुलांच्या जाहिराती शहराच्या चौकाचौकांत लागतात. बाजारातल्या मुलाचा तोंडी हिशेब या दोन्हींपैकी काही नाही.

हे काही आज कळलेलं नाही. १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नूनेश, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लिमान यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वयाच्या पाच मुलांचा अभ्यास केला होता. रस्त्यावरच्या सौद्यात त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, शाब्दिक उदाहरणांत जवळपास ७४, आणि नुसत्या आकड्यांच्या गणितात ३७. त्यातली एक नोंद शिक्षक-प्रशिक्षणात मोठ्यानं वाचून दाखवावी अशी आहे. ३५ चा एक, असे चार नारळ. एका मुलानं विकताना तीन नारळांचे १०५ धरले, त्यात ३० घातले, मग राहिलेले ५, झाले १४०. त्यालाच नंतर कागदावर ३५ गुणिले ४ दिलं. तो पुटपुटला ते आपल्याकडच्या मुलाच्या तोंडी असं येईल: चार पंचे वीस, हातचे दोन; दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर लिहिलं २००. नारळ विकताना यातला ६० चा फरक त्याला झोपेतही खटकला असता. कागदावर खटकला नाही, कारण कागदावर नारळच नव्हते.

रेसिफेची मुलं पाच होती, म्हणून ‘पाचच तर’ असं म्हणायला वाव होता. आता १,४३६ आहेत.

मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमणियम यांनी घराघरांत कामधंदा चालणाऱ्या एका दाट वस्तीतल्या शाळकरी मुलांचं गणित पाहिलं आहे. त्यांच्या कामातून एक बारकावा मिळतो, जो बाजाराच्या कौतुकात हरवतो. सगळ्याच कामातून सारखं गणित येत नाही. दिवसभर एकच तुकडा जोडत बसणाऱ्या मुलाच्या वाट्याला फारसा हिशेब येत नाही. ज्याला माल, माप, भाव यांचे निर्णय थोडे तरी घ्यावे लागतात त्याच्याकडे तो जास्त येतो.

आणखी एक सावधगिरी. गणित न जमणाऱ्या मुलाला कुणी गल्ल्यावर बसवत नाही. तो पोती उचलतो, भाजी निवडतो. तेव्हा बाजारात जे ९५-९८ टक्के दिसतात ते आधीच चाळून आलेले आहेत, हे लक्षात ठेवायला हवं. बाजारानं हिशेब शिकवला की हिशेब जमणारं पोर बाजारात टिकलं, याचा निवाडा या आकड्यांवरून लागत नाही. त्यानं मुख्य मुद्दा मात्र हलत नाही. चाळून आलेली असोत वा नसोत, ज्यांना इतकं येतं त्यांना कागदावरचा सोपा भागाकार का येऊ नये, हा प्रश्न उरतोच. आणि मुलांनी काम करावं असा यातून कुणी अर्थ काढत असेल तर त्याला काय म्हणावं! २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलांना (बालकलाकार सोडले तर) फक्त घरच्या, धोकादायक नसलेल्या उद्योगात, तेही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, हातभार लावायची मुभा आहे. बाजाराची शिकवणी फुकट नसते. तिची फी झोपेतून आणि खेळातून जाते.

बालबाजार भरवला की झालं?

जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्षातून एकदा बालबाजार किंवा आनंद मेळावा भरतो. मुलं घरून मेथी, कोथिंबीर, उसळ, भेळ आणतात. सरपंच फीत कापतात, गुरुजी गिऱ्हाईक होतात, ‘मुलांनी केली इतक्या रुपयांची उलाढाल’ अशी बातमी तालुक्याच्या पानावर येते. मला हे मेळावे आवडतात. पण दुसऱ्या दिवशीच्या गणिताच्या तासाला काय होतं? पान ४२, उदाहरणसंग्रह. काल कोथिंबिरीच्या जुडीचे सुट्टे कसे दिले हे फळ्यावर कुणी लिहीत नाही.

नुसत्या अनुभवानं शाळेचं गणित सुधारत नाही, याला पुरावाही आहे. स्पेल्की आणि डुफ्लो यांच्यासह मोइरा डिलन, हरिणी कन्नन आणि जोशुआ डीन यांनी २०१७ साली ‘सायन्स’मध्ये दिल्लीतला एक प्रयोग मांडला. ‘प्रथम’च्या २१४ बालवाड्या, १,५४० मुलं. काही बालवाड्यांत संख्या आणि आकारांची जाण वाढवणारे खेळ काही महिने खेळवले. जाण वाढली, आणि वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात या मुलांना त्याचा फायदा दिसला नाही. खेळात अंक आणि चिन्हं नव्हती. चिन्हांशी सांधा कुणी जुळवला नाही, आणि तो आपोआप जुळला नाही. बालवाडीतली चिमुरडी असोत की बाजारातली मोठी मुलं, गोष्ट तीच निघते.

सांधा जुळवणं म्हणजे काय, हे ४३ गुणिले ११ मध्येच पाहता येतं. बाजारातलं पोर म्हणतं, ४३० आणि ४३. शाळेच्या उभ्या मांडणीत दोन ओळी येतात: पहिली ४३, दुसरी शून्य धरून ४३०. अगदी तेच दोन आकडे! फक्त वर्गात त्या ओळी ‘एकंच्या घरानं गुणलं, मग दशकाच्या घरानं, खाली शून्य ठेवलं’ अशा येतात. हे शून्य का ठेवायचं ते कुणी सांगत नाही. पोराची तोंडी रीत फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहिली आणि शेजारी उभी मांडणी ठेवली, तर ओळीशी ओळ जुळते. एकाला त्याच्या हिशेबाची लिपी मिळते, दुसऱ्याला वहीतल्या शून्याचा अर्थ कळतो. आणि दोघं शेजारी बसत असतील तर शिकवायला शिक्षकाची गरजही निम्मीच उरते.

यासाठी शिक्षकानं आधी विचारावं लागतं: ‘कसं काढलंस?’ पुढचं उत्तर ऐकायला थांबावं लागतं. उत्तर बरोबर पण रीत वहीतली नाही, अशा वेळी लाल शाईचा हात आवरावा लागतो. तीन इयत्ता एका खोलीत सांभाळणाऱ्या द्विशिक्षकी शाळेत हे सांगणं सोपं नाही, कबूल. पण नवीन साहित्य, नवीन ॲप, नवीन पेटी यापेक्षा ते स्वस्त आहे.

राज्यात लिहिण्या-बोलण्यातल्या या अंतरावर एकदा चर्चा सुरू झाली होती. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकानं ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन सुचवलं. डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण शांतपणे मांडलं होतं: लिहिताना आधी दशक येतो, बोलताना आधी एकक, आणि नव्यानं शिकणारं मूल तिथं गोंधळतं. गदारोळ विधानसभेपर्यंत गेला. भाषेचं काय होणार यावर सगळे बोलले, विनोदही झाले. दुसरीतलं मूल २१ आणि १२ मध्ये कुठं अडखळतं हे पाहायला वर्गात फारसं कुणी गेलं नाही. तो बदल योग्यच होता असं ठासून म्हणायला मी धजणार नाही. पण प्रश्न योग्य होता.

२०२४ च्या ‘असर’नुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी येते, पाचवीतल्या ३०.७ टक्क्यांना भागाकार, आठवीतल्या ४५.८ टक्क्यांना. २०२२ पेक्षा तिसरी आणि पाचवीचे आकडे वर आहेत आणि त्याचं श्रेय शिक्षकांना द्यायलाच हवं. पण कोलकाता-दिल्लीचा अभ्यास वाचल्यावर हे आकडे दोन्ही बाजूंनी वेगळे दिसू लागतात. ज्या ६९ टक्के पाचवीच्या मुलांना भागाकार ‘येत नाही’ त्यांत आठवडी बाजारात आईशेजारी बसून दहा जणांत मिरच्यांचे वाटे पाडणारं पोर असू शकतं. आणि ज्या ३१ टक्क्यांना येतो, त्यांतल्या कितींना तो कागदाबाहेर येतो?

हे शोधायला वेगळी परवानगी लागत नाही. महाराष्ट्रात आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या तपासणीच्या, साधनांत तोंडीकाम कित्येक वर्षांपासून आहे; त्याचा रकाना नोंदवहीत छापलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो सत्राच्या शेवटी, एका बैठकीत, बाकीच्या गुणांकडे पाहून भरला जातो. त्या रकान्यासाठी पाचवीच्या प्रत्येक मुलाला पाच मिनिटं द्यायची. एक सौदा तोंडी, कागदाशिवाय. मग त्याच आकड्यांचं उभं गणित वहीत. दोन उत्तरं शेजारी-शेजारी लिहायची. चाळीसच्या वर्गाला साधारण साडेतीन तास लागतील, आठवड्याभरात विभागून. कुठल्या मुलाला काय शिकवायचं बाकी आहे ते त्या दोन रकान्यांतून दिसेल, आणि वर्गाच्या हुशार मुलांच्या यादीत थोडी उलथापालथ होईल अशी माझी अटकळ आहे.